दुकानाला फोन कोणता लावायचा? खेड्यातल्या धंद्याच्या हिशोबानं सांगतो

आमचं कृषी केंद्र आहे यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका मोठ्या गावात, समोर काउंटर, मागं टिनाचं गोडाऊन, आणि गोडाऊनला लागून लहान भावाचं मोटार रिवायंडिंगचं वर्कशॉप. मृग लागला की फोन ठेवायला फुरसत नसते. गेल्या महिन्यात दोघा जणांनी विचारलं, एकानं नवी दालमिल टाकली अन् एका ओळखीच्या पोरीनं तालुक्याला दाताचा दवाखाना टाकला, दोघांचा प्रश्न तोच, भाऊ फोनचं कसं करायचं, लँडलाईन घ्यायची का, ते एक दाबा दोन दाबावालं बसवायचं का. दोघांनाही अर्धा अर्धा तास सांगत बसलो, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

पहिले काहीच विकत घेऊ नका. शंभर पानी वही घ्या, काउंटरवर दोरीनं पेन बांधा अन् पंधरा दिवस प्रत्येक फोन लिहा, किती वाजता आला, कोणत्या गावाहून, काय पाहिजे होतं, अन् उचलला का सुटला. सुटलेला आवर्जून लिहा. आम्ही हे केलं तेव्हा मला वाटत होतं की लाईन कमी पडून राहिल्या, वहीत निघालं वेगळंच. दहातले सात फोन "माल आला का" अन् "काय भाव लावला" एवढ्यासाठीच होते, अन् सुटलेले बहुतेक संध्याकाळी सहा ते आठमधले, जेव्हा मी गिऱ्हाईकात असतो आणि पोरगा गोडाऊनमध्ये पोते मोजत असतो. म्हणजे मशीन घेऊन काय होणार होतं, उचलायलाच कोणी नव्हतं. त्या दोन तासांसाठी एक पार्टटाईम पोरगी ठेवली, अर्धा प्रश्न तिथंच मिटला.

नंबर कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहा

हे मी ठोकर खाऊन शिकलो. सुरुवातीला आमच्याकडे एक पोरगा कामाला होता, हुशार, गोड बोलणारा, त्याच्याच नावावर सिम काढलं कारण त्या दिवशी माझं आधार घरी राहिलं होतं. चार वर्षं तोच नंबर बिलबुकावर, पिशव्यांवर, आठवडी बाजारातल्या बोर्डावर. पोरगा काम सोडून गेला अन् तीन किलोमीटरवर स्वतःचं दुकान टाकलं. सिम त्याच्या नावावर, त्यानं डुप्लिकेट काढून घेतलं, कायद्यानं त्यात त्याची काही चूकही नाही. पुढचा अख्खा हंगाम आमचे गिऱ्हाईक त्याला फोन करून "दादा बियाणं आलं का" विचारत होते, अन् तो म्हणे "आलं ना, या."

तर सिम मालकाच्या नावावर, नाहीतर फर्मच्या नावावर. फर्मच्या नावावर पोस्टपेड घेतलं अन् बिलावर आपला जीएसटी नंबर टाकून घेतला तर त्या १८ टक्क्यांचं क्रेडिटही मिळतं, तुमच्या सीएला विचारा. एका माणसाच्या नावावर देशभरात मिळून जास्तीत जास्त ९ सिम चालतात, आणि आपल्या नावावर किती सुरू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. एकदा पाहून घ्या, मला माझ्या नावावर एक असं सिम सापडलं जे मी कधी घेतलंच नव्हतं, तिथूनच "माझा नंबर नाही" म्हणून रिपोर्ट करून बंद करता येतं.

अजून दोन गोष्टी. बोर्डावरचा नंबर अन् बँकेला जोडलेला नंबर एक ठेवू नका. बोर्डावरचा फोन दिवसभर काउंटरवर पडलेला असतो, चार जणांच्या हातात जातो, त्याच्यावर ओटीपी येणं बरं नाही. दुसरं, उन्हाळ्यात धंदा थंड असतो म्हणून रिचार्ज थांबवू नका. ९० दिवस सिम वापरलंच नाही अन् बॅलन्सही नसला तर नंबर बंद होऊ शकतो, पुढं तो दुसऱ्या कोणाला मिळून जातो, मग फिरा बोर्ड खोडत.

दोन सिम म्हणजे दोन लाईन नव्हे

हे बहुतेकांना माहीत नसतं. एका फोनमध्ये दोन सिम टाकून लोक म्हणतात माझ्याकडे दोन लाईन आहेत. बहुतेक साध्या फोनात एका सिमवर बोलणं सुरू असलं की दुसरं सिम तेवढ्या वेळापुरतं मेलेलं असतं, समोरच्याला "संपर्क क्षेत्राबाहेर" नाहीतर "स्विच ऑफ" ऐकू येतं. तो म्हणतो दुकान बंद आहे वाटते, अन् पुढच्या दुकानात जातो. यावर फुकटचा इलाज आहे. फोनच्या कॉल सेटिंगमध्ये जाऊन दुसऱ्या सिमवर कॉल फॉरवर्डिंग उघडा, तिथं "लागत नसेल तेव्हा" असा पर्याय असतो, त्यात पहिल्या सिमचा नंबर टाका, अन् पहिल्या सिमला कॉल वेटिंग चालू करा. झालं, आता कानात टुंग टुंग तरी वाजेल. फॉरवर्ड झालेला कॉल तुमच्या सिमवरून आउटगोइंग धरला जातो, अनलिमिटेड पॅक असेल तर फरक पडत नाही. मेसेज मात्र फॉरवर्ड होत नाहीत.

फॉरवर्डिंग नेहमी सेटिंगमधूनच करायचं. कोणी फोन करून "कुरिअरवाला बोलतो, स्टार ४०१ स्टार टाकून हा नंबर डायल करा" म्हणलं तर मुळीच करू नका, तुमचे सगळे कॉल, ओटीपी सांगणारेसुद्धा, त्याच्याकडे वळतात. या लफड्यांमुळंच सरकारनं एप्रिल २०२४ पासून असल्या कोडवरचं फॉरवर्डिंग कंपन्यांना बंद करायला लावलं. तरी कोणी फसला अन् पैसे गेले तर ताबडतोब १९३० ला फोन लावायचा.

खरं सांगायचं तर दोन वेगळे फोनच ठेवा. आमच्याकडे एक काउंटरचा आणि एक वर्कशॉपचा, दोन्ही वेगळ्या कंपन्यांचे.

कंपनी कोणती? दुकानदाराला विचारू नका, टॉवर कोणता जवळ आहे तेही विचारू नका, नातेवाईकांचे फोन गोळा करा अन् गोडाऊनच्या मधोमध उभं राहून एकेक लावून पाहा. टिनाखाली अन् पोत्यांच्या थप्पीत रेंज निम्मी होते, बाहेर चार काड्या आत एक. संध्याकाळी सात-साडेसातला पाहा, तेव्हा सगळं गाव मोबाईलवर असतं. अन् एकदा लाईट गेलेली असताना पाहा. आमच्या गावात झालं काय, मी शहाणपणानं दोन कंपन्यांचे सिम घेतले, एक गेली तर दुसरी चालेल म्हणून, पण दोघींचे अँटिना एकाच टॉवरवर. रात्री वादळात लाईट गेली, टॉवरची बॅटरी उतरली, दोन्ही एकदमच गेल्या. तेव्हा नुसती कंपनी वेगळी असून भागत नाही, टॉवर वेगळा पाहिजे.

रेंज खराब निघाली तर नंबर बदलू नका, कंपनी बदला. त्यासाठी मेसेजमध्ये इंग्रजीत PORT लिहायचं, पी-ओ-आर-टी, मग जागा सोडून आपला नंबर, अन् तो मेसेज १९०० वर पाठवायचा. उत्तरात कोड येतो, तो चार दिवस चालतो, तेवढ्यात नव्या कंपनीच्या दुकानात आधार घेऊन जायचं. जुन्या कंपनीत ९० दिवस झालेले पाहिजेत अन् पोस्टपेडचं बिल थकलेलं नको. पेरणीच्या तोंडावर हे काम काढू नका, मधी काही तास सिम मुकं राहतं.

आणि दुकानात वायफाय असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग शोधा. फोन अन् कंपनी दोघांनाही ते येत असलं पाहिजे. चालू केलं की साधा कॉलच इंटरनेटवरून जातो, नंबर तोच, जिओ-एअरटेलवाले वेगळे पैसेही घेत नाहीत. टिनाच्या गोडाऊनमध्ये माझ्यासाठी याच्याइतकं कामाचं दुसरं काही निघालं नाही.

टेबलावरचा फोन

मोबाईल असताना टेबलफोन कशाला? कारण मोबाईल खिशात बसून घरी जातो. काउंटरचा फोन काउंटरवरच पाहिजे. त्यात सिम टाकायचे टेबलफोन मिळतात, दिसायला जुन्या लँडलाईनसारखे, आत बॅटरी असते. घेताना फक्त एक पाहायचं, ४जी आणि व्होल्टी (VoLTE, म्हणजे ४जीवरूनच बोलणं) लिहिलेलं आहे का. जिओचं टूजी-थ्रीजी नेटवर्कच नाही, ते २०१६ ला सुरूच निव्वळ ४जीवर झालं, त्यामुळं बाजारात जो स्वस्तातला टूजी डबा मिळतो त्यात जिओचं सिम टाकलं तर "नो सर्व्हिस" दाखवत बसतो. आमच्या मामेभावानं असाच एक आणला होता, आता त्याच्या देव्हाऱ्याजवळ घड्याळ म्हणून ठेवला आहे, टाईम बरोबर दाखवतो.

टेबलफोनचा खरा फायदा आवाजाचा आहे अन् कृषी केंद्रवाल्यांनी हे मनावर घ्या. शेतकरी बांधावरून फोन करतो, वारा सुटलेला, बाजूला फवारणीचा पंप घरघरतो, अन् विचारतो पंपाला किती टाकू. आपण म्हणतो पंधरा मिली, त्याला ऐकू येतं पंचवीस. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी, किती मजूर गेले ते आपल्या भागात कोणाला सांगायची गरज नाही. तेव्हापासून आमच्या दुकानात नियम आहे, फोनवर डोस सांगायचा नाही. सांगायचाच झाला तर "एक-पाच, पंधरा" असं फोडून, त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायचं, अन् लगेच लेबलचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा. एकदा एक काकाजी चिडले.

"मी काय लहान लेकरू आहो का, परत परत काऊन म्हनाले लावतं?"

म्हटलं, काकाजी, एकदा म्हना ना.

"पस्तीस."

सांगितले होते पंचवीस.

लँडलाईन अन् फायबर

लँडलाईनचा कोड पाहून अजूनही लोकांना भरवसा वाटतो, ०७१२ म्हटलं की नागपूर, ०७२१ अमरावती, ०७२३२ यवतमाळ, यांचं दुकान पक्कं आहे, उद्या पळून जाणार नाही. दवाखाना, पतसंस्था, जिनिंग, शाळा यांना घ्यायला हरकत नाही. पण जुनी तांब्याची तार अन् आताचं फायबर यात एक मोठा फरक आहे. तांब्याच्या तारेत फोनला करंट एक्सचेंजमधूनच यायचा, म्हणून गावात अंधार असला तरी जुना फोन वाजायचा. फायबरमधून करंट येत नाही, भिंतीवरच्या डब्याला आपली लाईट लागते, अन् टेलिफोनची वायर त्याच डब्याच्या मागं फोनच्या खाचेत लागते. लाईट गेली की इंटरनेट गेलं अन् लँडलाईनही गेली. त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, डब्यामागं चिकटून बसतो, घेताना डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलं आहे त्याचा फोटो काढून दुकानात न्या. आपल्याकडं लाईट किती जाते ते पाहता हा खर्च टाळू नका.

विजेचं सांगतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला कडकडाट सुरू झाला की नुसता स्विच बंद करून भागत नाही, अडॅप्टर सॉकेटमधून उपसून ठेवायचं, तांब्याची टेलिफोन लाईन असेल तर तिचीही पिन काढायची. फायबरच्या काचेतून वीज येत नाही खरी, पण वायरला आधारासाठी लोखंडी तार असते अन् अडॅप्टर तर लाईटच्या लाईनलाच असतं. आमचे दोन अडॅप्टर एका जून महिन्यात गेले. वानरांचं काय करायचं ते मात्र मला अजून समजलं नाही, फायबर त्यांच्यासाठी झोका आहे. जमेल तिथं वायर झाडापासून दूर अन् भिंतीच्या कडेनं पाईपातून घ्यायला सांगा, लाईनमन कुरकुर करतो, चहा पाजा.

लँडलाईनवरून मोबाईल लावताना आधी शून्य लावावा लागतो, १५ जानेवारी २०२१ पासून हा नियम आहे. आमचे बाबा अजूनही विसरतात अन् म्हणतात फोन बिघडला.

आता इंटरकॉम. काउंटरवरून गोडाऊनमध्ये "चार पोते डीएपी काढ" ओरडून ओरडून घसा बसत असेल तर छोटं ईपीएबीएक्स मशीन लावा, एक लाईन चार एक्स्टेंशनचं भेटतं, आपसात बोलायला पैसे लागत नाहीत, अन् बाहेरून आलेला कॉल काउंटरवरून वर्कशॉपला देता येतो. फायबरच्या डब्यातली फोनची वायर या मशीनला जोडता येते. वायर मात्र पाईपातून घ्या, बियाण्याच्या गोडाऊनमधले उंदीर उघडी वायर सोडत नाहीत. आमच्या मशीनवर बाहेरची लाईन घ्यायला शून्य दाबावा लागतो, मग मोबाईलचा शून्य, म्हणजे दोनदा शून्य. हे कागदावर मोठं लिहून भिंतीला चिकटवलं तेव्हा कुठं लोकांचे चुकीचे नंबर थांबले.

एक दाबा, दोन दाबा

क्लाउड टेलिफोनीवाले फोन करून लई मागं लागतात. एक व्हर्च्युअल नंबर देतात, कॉल त्यांच्या मशीनवर जातो, मशीन बोलतं, मग तुमच्या तीन-चार मोबाईलपैकी जो मोकळा असेल त्याच्याकडे जातो, रेकॉर्डिंग होते, कोणाचा कॉल सुटला ते दिसते. चीज चांगली आहे, पण पाच-सात माणसं फोन उचलणारी असतील तर. दालमिलवाल्याला मी म्हटलं घे, कारण त्याच्याकडे खरेदी, विक्री अन् गाड्यांचं वेगवेगळं पाहणारी माणसं आहेत. दवाखान्यावाल्या पोरीला म्हटलं नको, दाढ दुखणारा माणूस "मराठीसाठी एक दाबा" ऐकायला थांबत नाही. आमच्याकडे महिनाभर ट्रायल घेतली होती, म्हातारे लोक मशीनशीच बोलायचे, रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं, एक बाई मशीनला म्हणत होती, "बाई, थो पोरगा आहे का वं जरासा?" अन् मशीन म्हणे कृपया योग्य पर्याय निवडा.

घ्यायचंच असेल तर आवाज आपला टाका, आपल्या बोलीत, दहा सेकंदांच्या आत, अन् काहीच दाबलं नाही तर कॉल सरळ माणसाकडे जाईल असं लावून घ्या. पैशाचं विचारताना महिन्याचं भाडं विचारून थांबू नका, मिनिटाचे किती, अन् तो कॉल तुमच्या मोबाईलला देतानाचे मिनिट वेगळे धरतात का ते विचारा. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सोडून जाताना नंबर मला मिळेल का. बहुतेकदा तो नंबर त्यांचाच असतो. म्हणून बोर्डावर आपला साधा नंबर ठेवा अन् तो त्यांच्याकडे फॉरवर्ड करा. १८०० वाल्या टोल फ्रीची आपल्याला गरज नाही, त्यात कॉलचे पैसे आपण भरायचे असतात अन् आता गिऱ्हाइकाकडे अनलिमिटेड पॅक असतोच.

याच्यापेक्षा व्हॉट्सॲप बिझनेस नीट लावा. फुकट आहे, २०१८ पासून आहे, अन् लँडलाईन नंबरवरही उघडता येतं, कोड मेसेजऐवजी कॉलनं मागवायचा. त्या वेळी ईपीएबीएक्स बाजूला काढून फोन सरळ लावा, नाहीतर कोड मशीनलाच ऐकू येतो. मुख्य फोन सोडून अजून चार ठिकाणी ते जोडता येतं, म्हणजे काउंटरच्या कॉम्प्युटरवर अन् भावाच्या मोबाईलवर तोच नंबर. रोज सकाळी आलेला माल अन् भाव स्टेटसला टाकायला लागलो तेव्हापासून "माल आला का" वाले फोन निम्म्यानं कमी झाले. ब्रॉडकास्ट मात्र ज्यानं आपला नंबर सेव्ह केला त्यालाच पोचतो, म्हणून बिल देतानाच त्याच्या फोनात आपला नंबर सेव्ह करून द्या. साध्या सिमवरून शेकड्यानं जाहिरातीचे एसएमएस सोडू नका, त्याला रजिस्ट्रेशन लागतं, लोकांनी १९०९ वर तक्रारी केल्या तर नंबर कापला जातो.

सेव्ह करायची पद्धत: गाव आधी, मग नाव, मग पीक. आमच्याकडे तांडे लई, माझ्या फोनात राठोड चाळीसच्या वर आहेत अन् त्यात सात जण विजय. "लाख, विजय राठोड, कापूस" असं असलं की फोन उचलतानाच बोलता येतं, "बोला विजयभाऊ, लाखला पाऊस आला का?" अर्धा सौदा तिथंच होतो.

कोणी येऊन म्हटलं की तुमच्या दुकानात आमचं सिमचं मशीन ठेवा, लाईट अन् इंटरनेट द्या, महिन्याला भाडं देतो, तर हात जोडा. तो सिमबॉक्स असतो, बाहेरदेशाचे कॉल चोरून फिरवायचा, पोलीस आले की दुकानदारच पहिला सापडतो.

हे सगळं लावून दोन महिने चालवून पाहा अन् मग पेंटर बोलवा. त्याला नंबर तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या, अन् आकडे एकाच लिपीत काढायला सांगा. आमच्या पेंटरनं सुरुवात इंग्रजी आकड्यांत केली अन् मधला एक मराठीत काढला, मराठी एक अन् इंग्रजी नऊ लांबून सारखेच दिसतात. आठ दिवस आमचे गिऱ्हाईक कुठल्या तरी माणसाला युरियाचा भाव विचारत होते. शेवटी त्याचाच फोन आला, बोर्ड पुसून घ्या म्हणे, आता मला भाव पाठ झाले.